गाडी सगळ्यात शेवटी बोलवा : डायहाऊसमधला घातक कचरा बाहेर काढण्याचा क्रम

गाडी दुपारी दोन वाजता गेटवर आली. ड्रायव्हरला अंधार पडायच्या आत इंदापूर गाठायचं होतं. आमच्या गोण्या ओल्या होत्या, तीन ड्रमांवर लेबल नव्हतं आणि मॅनिफेस्टवर, म्हणजे कचऱ्याबरोबर जाणाऱ्या कागदावर, लिहायचं वजन कोणालाच माहीत नव्हतं. तासभर धावपळ झाली, गाडी रिकामी परत गेली आणि येण्याजाण्याचं भाडं आमच्या माथी पडलं. त्यानंतर सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत तीन-चार ठिकाणी मी हाच प्रकार पाहिला आहे. सगळे आधी गाडी ठरवतात आणि मग तयारीला लागतात.

हा लेख मुख्यतः टॉवेल-चादरीचं सूत रंगवणाऱ्या कारखान्यांसाठी, म्हणजे डायहाऊससाठी आहे. चिंचोली एमआयडीसीतल्या कास्टिंग-मशीनिंगवाल्यांचा कचरा वेगळा असतो, कूलंट, ग्राइंडिंगचा गाळ वगैरे. पण क्रम हाच राहतो, कारण घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम देशभर एकच आहेत. कार्यपद्धती केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरवतं आणि परवानगी राज्याचं मंडळ देतं. पसंतीचा क्रमही त्या नियमांतच दिला आहे: कचरा होऊच न देणं, कमी करणं, पुन्हा वापरणं, पुनर्प्रक्रिया, त्यातून साहित्य किंवा ऊर्जा काढणं आणि काहीच जमलं नाही तर विल्हेवाट. आपण बहुतेक जण शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतो आणि बिल पाहून कपाळाला हात लावतो.

१. आधी कारखाना फिरून या

वही आणि खडू घ्या आणि रंग-रसायनांच्या स्टोअरपासून ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या) मागच्या भिंतीपर्यंत पायी फिरा. सुपरवायझरला बरोबर न्या. पण प्रश्न विचारायचे ते प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसाला, कारण रिकामा कॅन नेमका कुठे जातो हे त्यालाच माहीत असतं.

डायहाऊसमध्ये साधारण इतक्या गोष्टी सापडतात: ईटीपीचा गाळ; रंगाचे आणि रसायनांचे रिकामे ड्रम, कॅन आणि पिशव्यांच्या आतलं प्लास्टिक; बॉयलर, जनरेटर, गिअरबॉक्सचं जळकं ऑइल; तेलाने किंवा रंगाने माखलेल्या चिंध्या; मुदत संपलेला रंग. पाणी आटवून पूर्ण पुनर्वापर करणाऱ्यांकडे बाष्पीभवनानंतर उरणारं मीठही असतं. सुताचा फुफाटा, कोन, पुठ्ठा या यादीत येत नाही. तो वेगळाच ठेवा. घातक कचऱ्यात साधा कचरा मिसळला की सगळा ढीग घातक म्हणूनच पाठवावा लागतो आणि पैसे किलोवर मोजले जातात.

तपासा: दर महिन्याला रंगाचे किती ड्रम खरेदी झाले आणि त्यातले रिकामे किती आवारात आहेत, ते मोजा. फरक आला तर ते ड्रम गेले कुठे, हे आजच विचारा. आपल्या गावात चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं. निळ्या प्लास्टिकच्या ड्रमाला दारोदार मागणी असते. धुऊन-पुसून विकलेला कॉस्टिकचा नाहीतर रंगाचा ड्रम कुणाच्या तरी स्वयंपाकघरात पिण्याच्या पाण्यासाठी उभा राहतो. कामगाराने आपुलकीने शेजाऱ्याला दिला तरी जबाबदारी कारखान्याचीच. पाठवेपर्यंत प्रत्येक रिकाम्या ड्रमाला बुडाशी भोक पाडायची सवय लावा. ड्रम पुन्हा वापरणाऱ्या अधिकृत माणसाकडे जाणार असेल, तर तो कुलपात ठेवा.

२. नाव आणि क्रमांक लावा, मग कन्सेंट उघडा

नियमांच्या अनुसूची १ मध्ये प्रत्येक प्रकाराला क्रमांक आहे. आपल्या कामाचे बहुतेक क्रमांक थोडकेच आहेत: वापरलेलं ऑइल ५.१, सांडपाणी प्रक्रियेचा रासायनिक गाळ ३५.३, रसायनांनी दूषित रिकामे डबे-ड्रम-अस्तर ३३.१, माखलेल्या चिंध्या ३३.२ आणि बाष्पीभवनानंतरचा अवशेष ३७.३.

आता मंडळाचं कन्सेंट, म्हणजे कारखाना चालवायचं संमतीपत्र, काढा. त्याच कागदात घातक कचऱ्याचं ऑथोरायझेशन, म्हणजे परवानगी, असते. त्यात प्रकार, प्रमाण आणि विल्हेवाटीची पद्धत अशा तीन गोष्टी लिहिलेल्या असतात. तुमची यादी एकेक ओळ त्याच्याशी ताडून पाहा.

इथे दोन चुका नेहमी सापडतात. पहिली म्हणजे कन्सेंट घेताना सल्लागाराने अंदाजाने लिहिलेला आकडा. तो वर्षाला दोन टन असतो आणि प्रत्यक्षात गाळ आठ टन निघतो. मग पाठवताना आकडा वाढू नये म्हणून गाळ आवारातच साठवला जातो. दुसरी म्हणजे नंतर नवीन मशीन आलं, त्याचा कचरा कागदावर चढलाच नाही. दोन्हीचं उत्तर एकच: नियमांतला नमुना १ (फॉर्म १) भरून दुरुस्तीचा अर्ज करा. आधी कचरा पाठवू आणि कागद नंतर बघू, असं करू नका. ऑथोरायझेशनची मुदत पाच वर्षं असते. संपण्याची तारीख कॅलेंडरवर नको, अकाउंटंटच्या टेबलावरच्या काचेखाली ठेवा.

बॅटऱ्या आणि ई-कचरा या यादीत धरू नका. दोन्हींचे २०२२ चे स्वतंत्र नियम आहेत.

३. एकमेकांशी न पटणारं वेगळं करा

ही पायरी वाचायला सोपी वाटते, पण माणसं इथेच जखमी होतात.

आमच्याकडे मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला. शेडचा एक पत्रा उचकटला होता आणि त्याखाली हैड्रोचा अर्धवट ड्रम होता. ‘मुदत संपलेला, टाकायचा’ म्हणून कडेला सारलेला. झाकण नीट बसलं नव्हतं. अर्ध्या तासात धूर आणि नाकातोंडाला झोंबणारा गंधकाचा वास. एकाने चटकन बादलीभर पाणी ओतलं आणि ड्रम पेटला.

हैड्रो, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, दमट झालं की आपोआप तापतं. थोडंसं पाणी म्हणजे त्याला काडी लावण्यासारखंच. त्याच्या आगीला बाहेरची हवा लागत नाही, म्हणून वाळूने दाबून ती विझत नाही. ती थांबवायला पाण्याचा मोठा लोट लागतो आणि ते अग्निशमन दलाचं काम आहे. तुम्ही माणसांना वारा येतो त्या बाजूला हलवा आणि फोन करताना ‘हैड्रो पेटलंय’ असं नाव घेऊन सांगा. नुसती ‘आग लागली’ म्हटल्याने पुरत नाही.

तेव्हापासून आमचे नियम असे आहेत:

हैड्रो स्वतंत्र, उंचावर, कोरड्या खोलीत. त्या खोलीत पाण्याचा नळसुद्धा नाही.

हायपो, म्हणजे ब्लीचिंगचं द्रावण, आणि कुठलंही आम्ल एका भिंतीआड नको. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो.

सल्फर ब्लॅक हा काळा रंग वापरणाऱ्यांनी सोडियम सल्फाइड आम्लापासून लांब ठेवावं. तिथे सुटतो तो हायड्रोजन सल्फाइड. जास्त प्रमाणात झाला की त्याचा वास येणंच बंद होतं, आणि माणसाला वाटतं वायू गेला.

पेरॉक्साइड आणि तेलकट चिंध्या शेजारी नकोत.

इशारा: ईटीपीच्या गाळाच्या टाकीत साचलेल्या गाळातूनही हायड्रोजन सल्फाइड सुटतो. टाकी साफ करायला ‘पटकन एक जण’ उतरवू नका. हवा मोजण्याचं यंत्र, बाहेर दोर धरून उभा माणूस आणि लेखी परवाना, या तिन्हींपैकी एक जरी नसेल तर काम दुसऱ्या दिवशी.

४. गाळातलं पाणी काढा

खर्चाचा मोठा भाग इथे वाचतो, म्हणून जरा थांबून हिशोब करू.

फिल्टर प्रेसमधून निघालेली वडी हाताला घट्ट लागते. तरी तिच्यात ७५ टक्के पाणी असू शकतं. अशा १,००० किलो गाळात खरा घन भाग २५० किलो. तोच गाळ ४० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवला तर वजन उरतं सुमारे ४१७ किलो. म्हणजे दर हजार किलोमागे ५८३ किलो पाणी तुम्ही सोलापुरातून भाडं भरून पुण्याच्या दिशेने पाठवत होता, तेही आपल्या गावातून!

आपल्याकडे उन्हाची ददात नाही. मग चूक कुठे होते? गाळ उघड्या जमिनीवर पसरला जातो. वाऱ्याने तो उडतो, शेजारच्या कारखान्याच्या पांढऱ्या टॉवेलवर बसतो आणि पहिल्या सरीत वाहून नाल्याला लागतो. वाळवणीच्या वाफ्याला पक्का तळ, चारही बाजूंनी कठडा, वर पारदर्शक पत्र्याचं छप्पर आणि निथळलेलं पाणी पुन्हा ईटीपीच्या सुरुवातीच्या टाकीत नेणारी नळी हवी. थर वीतभर जाड टाकू नका. वर पापडी धरते आणि आत चिखल तसाच राहतो. चार बोटांचा थर, दोन दिवसांनी फावड्याने उलटा.

गाळ मुळात कमी निघावा यासाठी डोसिंगकडे, म्हणजे पाण्यात रसायनं किती टाकता त्याकडे, बघा. चुना आणि फेरस सल्फेट ‘अंदाजाने दोन घमेली’ टाकलं जातं. त्यातला बराचसा चुना न विरघळता थेट गाळात उतरतो. आठवड्यातून एकदा बरणीत वेगवेगळं प्रमाण घालून ढवळून पाहा आणि पाणी स्वच्छ करणारं सगळ्यात कमी प्रमाण शोधा. आमच्याकडे त्या दोन घमेल्यांतलं एक असंच सुटलं.

तपासा: मूठभर गाळ घट्ट आवळा. बोटांच्या फटीतून पाणी आलं तर तो अजून गोणीत भरायचा नाही. लँडफिलमध्ये, म्हणजे कचरा पुरायच्या जागी, मोकळं पाणी सुटणारा कचरा घेत नाहीत, वाटेत गाडीतून गळतो तो वेगळाच.

इशारा: ‘शेतात खत म्हणून टाकतो’, ‘वीटभट्टीला देतो’, ‘प्लॉटच्या भरावाला चालेल’ असं म्हणणारी माणसं भेटतील. फुकट नेतात, कधी चहाही पाजतात. पण मंडळाचं ऑथोरायझेशन नसलेल्या कुणालाही गाळ द्यायचा नाही. पुढे जमीन किंवा विहीर खराब झाली तर नुकसानीची जबाबदारी कचरा तयार करणाऱ्यावर येते.

५. साठवणीची खोली

छप्पर, पाणी न मुरणारी फरशी, एका कोपऱ्याकडे उतार, त्या कोपऱ्यात सांडलेलं जमा व्हायला खड्डा, दाराला उंबरा आणि कुलूप. या खड्ड्याला गटाराची जोडणी नको. ड्रम लाकडी फळ्यांवर ठेवा आणि मध्ये माणूस चालेल इतकी वाट सोडा. तिसरा थर रचू नका.

कचरा जास्तीत जास्त ९० दिवस ठेवता येतो. वर्षाला १० टनांपर्यंत कचरा होणाऱ्या लहान कारखान्यांना मंडळ १८० दिवसांपर्यंत मुदत वाढवून देऊ शकतं, पण मागितली तर. आपण लहान आहोत म्हणून वाढीव मुदत आपोआप मिळाली, असं धरून बसलेले बरेच जण मला भेटले.

दिवस मोजायचे कसे, यावरही घोळ होतो. प्रत्येक गोणीवर भरल्याची तारीख टाका. जुनी पुढे आणि नवी मागे. रोजची नोंद नमुना ३ मध्ये त्याच दिवशी करा. महिन्याच्या शेवटी एकाच पेनाने, एकाच अक्षरात लिहिलेली वही तपासायला आलेला माणूस लांबूनच ओळखतो.

६. लेबल

लेबलचा नमुना ८ आहे. भडक पिवळी पार्श्वभूमी. ‘घातक कचरा’ आणि ‘जपून हाताळा’ हे शब्द लाल रंगात, हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत. लेबल धुतलं तरी न जाणारं. झेरॉक्स काढून सेलोटेपने चिकटवलेला कागद उन्हात आठ दिवसांत पांढरा पडतो. फ्लेक्सवाल्याकडून शंभर लेबलं एकदम छापून घ्या, रिकाम्या जागा ऑइल पेंटच्या पेनने भरा.

आमच्या शेडमध्ये गोणी उचलणाऱ्यांपैकी निम्म्यांची घरची बोली तेलुगू आहे, काहींची कन्नड. नियमातल्या भाषा तर हव्यातच, पण आम्ही खाली तेलुगूत एक ओळ वाढवली. हातमोजे घाला, हे सांगायची वेळ त्यानंतर कमी आली.

७. कुठे पाठवायचं ते प्रकाराप्रमाणे ठरवा

जळकं ऑइल: अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच. सेंट्रिंगवाले पाट्यांना लावायला घेऊन जातात, रोख पैसेही देतात. तो मोह टाळा. देण्याआधी तीन गोष्टी पाहा: त्याच्या ऑथोरायझेशनची मुदत, त्यात तुमच्या प्रकाराचं नाव आणि त्याच्या पासबुकात (तो किती माल घेतो त्याच्या नोंदवहीत) शिल्लक असलेलं प्रमाण. आधी पासबुकात नोंद, मग माल, असा नियमच आहे.

रिकामे ड्रम: ते स्वच्छ करण्याची परवानगी असलेल्याकडे. आवारात धुतले तर ते पाणी ईटीपीतच गेलं पाहिजे.

गाळ: त्याला दोन वाटा आहेत. एक म्हणजे सामायिक विल्हेवाट केंद्र. आपल्याला सोयीचं रांजणगावचं. तिथे आधी सभासदत्व, मग नमुन्याची तपासणी. त्यावरून ते ठरवतात की थेट लँडफिल, आधी स्थिरीकरण (घातक घटक झिरपू नयेत म्हणून केलेली प्रक्रिया) की भट्टी. नमुना घेताना वाफ्याच्या वरच्या कोरड्या पापडीचा घेऊ नका. आठ-दहा ठिकाणांहून, तळापासून घ्या, एकत्र करा, ढिगाचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, पुन्हा मिसळा. नमुना कोरडा आणि प्रत्यक्ष माल ओला निघाला तर गाडी तिथून परत येते.

दुसरी वाट सिमेंटच्या भट्टीत सहप्रक्रिया. तिथे माल १,४५० अंशांच्या आसपास तापतो आणि राख क्लिंकरमध्येच, म्हणजे दळून सिमेंट होणाऱ्या खड्यांतच, मिसळून जाते, म्हणजे मागे पुरायला काही उरत नाही. इथे सोलापूरकरांचा हमखास होणारा गैरसमज सांगतो. ‘होटगीला सिमेंट कारखाना आहे की, तिथेच देऊ’. तिथे बाहेरून आलेला क्लिंकर दळतात. भट्टीच नाही, तर कचरा जाळणार कशात? भट्ट्या आहेत त्या कलबुर्गीकडे, वाडी-सेडमच्या चुनखडीच्या पट्ट्यात. म्हणजे राज्याची हद्द ओलांडावी लागते. सहप्रक्रियेसाठी किंवा पुनर्प्रक्रियेसाठी माल परराज्यात जात असेल तर गाडी भरण्याआधी दोन्ही राज्यांच्या मंडळांना कळवावं लागतं. अंतिम विल्हेवाटीसाठी जात असेल तर नुसतं कळवून भागत नाही, दोन्हीकडून ना-हरकत लागते. या दोन वाक्यांत गल्लत करू नका. शिवाय भट्टीवाल्याच्या परवानगीत तुमचा प्रकार आहे का, तेही बघा. चुन्याने भरलेल्या, उष्मांक नसलेल्या गाळाला ते नाही म्हणतात, म्हणून तपासणीत उष्मांक मोजून घ्याच.

८. मॅनिफेस्ट गाडी यायच्या आदल्या दिवशी

आदल्या दिवशी काट्यावर वजन करा. गोण्यांना क्रमांक द्या. मग नमुना १० भरायला घ्या. हे काम आता बरंचसं ऑनलाइन होतं, पण सात प्रतींचा प्रवास डोक्यात पक्का हवा: पांढरी तुम्ही राज्य मंडळाला पाठवता, पिवळी वाहतूकदाराची सही घेऊन तुमच्याकडे राहते, उरलेल्या पाच गाडीबरोबर जातात. त्यांतली गुलाबी माल घेणाऱ्याकडे राहते, नारिंगी वाहतूकदाराला मिळते, हिरवी घेणारा मंडळाला पाठवतो, निळी तुमच्याकडे परत येते. करडी फक्त परराज्याच्या मालासाठी, ती तुमच्या राज्याच्या मंडळाकडे जाते.

वाहतुकीची जबाबदारी कोणाची, हेही मॅनिफेस्टवर लिहायचं असतं. गाडी तुम्ही ठरवली तर तुमची, केंद्राने पाठवली तर त्यांची. ती जागा कोरी सोडली आणि टेंभुर्णीजवळ गाडी कलंडली, तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

९. आता गाडी बोलवा

गाडी आल्यावर भरायला सुरुवात करण्याआधी पाच मिनिटं द्या. वाहतुकीची परवानगी, ताडपत्री, अग्निशामक, तळाला भोकं नाहीत ना, ड्रायव्हरकडे नमुना ९ चं आपत्कालीन कार्ड आहे ना. कार्ड फाइलमध्ये ठेवू नका. त्याला वाचून दाखवा आणि केबिनमध्ये समोर लावा. अपघात झाला तर कुणाला फोन करायचा, ते त्याच्याच तोंडून वदवून घ्या. वाटेत किंवा आवारात अपघात झालाच, तर मंडळाला ताबडतोब कळवा आणि नमुना ११ भरून पाठवा.

भरताना ड्रम खाली, गोण्या वर. प्रत्येक ड्रमाचं झाकण हाताने फिरवून बघा. शेवटी गाडीचा आणि वजनपावतीचा एकत्र फोटो काढा, नंबरप्लेट दिसेल असा.

१०. निळी प्रत आणि ३० जून

गाडी गेली की सगळे विसरतात. फॅक्टरीच्या डायरीत आठव्या दिवसापुढे ‘निळी प्रत?’ एवढंच लिहून ठेवा. आली नाही तर केंद्राला फोन आणि ईमेल, दोन्ही करा. आली तर तिच्यावरचं वजन तुमच्या काट्याच्या वजनाशी ताडून बघा. थोडा फरक ओलाव्याने पडतो. एखादी गोणीच कमी भरली, तर कारण लेखी मागा.

वर्षाचं विवरण नमुना ४ मध्ये ३० जूनपर्यंत जायला हवं. त्यानंतर ३० सप्टेंबरला पर्यावरण विवरणपत्र असतं आणि त्यातही घातक कचऱ्याचे आकडे लिहावे लागतात. बहुतेक ठिकाणी पहिलं कारखान्यातला माणूस भरतो आणि दुसरं सल्लागार. दोघांचे आकडे जुळत नाहीत आणि नोटीस येते ती मालकाच्या नावाने. १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण संरक्षण कायद्याखालचा दंड १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत जाऊ शकतो.

आम्ही एक साधा तक्ता करतो: वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक, अधिक तयार झालेलं, वजा पाठवलेलं, बरोबर शेवटची शिल्लक. शेवटचा आकडा कागदावरून न लिहिता ३१ मार्चला संध्याकाळी खोलीतल्या गोण्या मोजून लिहितो. मागच्या वेळी दोन गोण्या जास्त निघाल्या. जिन्याखाली ठेवलेल्या होत्या, कुणीतरी चिवड्याच्या पोत्यात भरून.